मालकांचं कर्ज

दुष्काळाचं वर्ष होतं. जामखेड तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात मी नर्स होते. सरकारी कागदावर माझ्या पदाचं नाव बरंच लांबलचक होतं, पण गावोगाव मला नर्सबाईच म्हणत. पगार रोख मिळायचा. केंद्रातल्या कारकुनाच्या टेबलाशी उभं राहायचं, पगारपत्रकावरच्या तिकिटावर सही करायची आणि नोटा घ्यायच्या. त्या दिवशी मी सही केली, नोटा मोजल्या, आणि त्या कमी भरल्या. थोड्याथोडक्या नव्हे, जवळजवळ तिसरा हिस्सा नव्हता.

"भाऊसाहेब, मोजायला चुकलात," मी म्हणाले.

कारकून वर बघेना. "चुकलो नाही बाई. कपात आहे. तुमच्या मालकांचं कर्ज."

मला खरंच कळलं नाही. मी दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहत होते, म्हणून मला वाटलं हा घरमालकाबद्दल बोलतोय. त्याचं भाडं मी वेळच्या वेळी देत होते. त्याचं कर्ज माझ्या माथी कशाला?

"कुठला मालक?"

"आता मालक म्हणजे कोण बाई," तो कानकोंडा होत म्हणाला, "तुमचे मिस्टर."

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. माझी गेली. ज्या माणसापासून सुटायला मी नगरच्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, तो या टेबलावर अजून माझा मालक होता.

त्या टेबलाचा आणि त्याचा संबंध जुना होता. लग्नाच्या आधीपासून मी नोकरीत होते. सातवी झाल्यावर वडिलांनी मला नगरला नर्सिंगच्या ट्रेनिंगला घातलं होतं, आणि लग्न ठरलं तेही नोकरीकडे बघूनच. त्याचं तालुक्याला सायकलचं दुकान होतं, रेडिओ दुरुस्त करायचा, दिसायला देखणा होता, बोलायला गोड होता. लग्नानंतरच्या पहिल्याच पगाराला तो केंद्रावर आला. मी सही केली आणि कारकुनानं नोटा त्याच्या हातात दिल्या. मला विचारलं नाही. मीही काही बोलले नाही, कारण तसंच असतं असं मला वाटत होतं. पुढं कित्येक वर्षं तसंच चाललं. सही माझी, हात त्याचा. मुलगी झाल्यावर एकदा मी तिच्या दुधासाठी थोडे पैसे बाजूला काढून ठेवले. ते त्याला डब्यात सापडले आणि त्यानं मला सायकलच्या पंपानं मारलं. पाठीवरचे वळ घेऊन मी दुसऱ्या दिवशी लसीकरणाला गेले, आणि तिथून परत त्याच्या घरी न जाता आईकडे गेले.

त्या काळी कोर्ट सरळ काडीमोड देत नसे. आधी वेगळं राहायची परवानगी दिली. मग दोन वर्षं थांबायला लावलं, न जाणो नवरा-बायकोचं पुन्हा जमलं तर! नाही जमलं. मग हुकूमनामा मिळाला. मी माझ्या आईला आणि मुलीला घेऊन या गावात राहायला आले आणि पगार स्वतःच्या हातात घ्यायला लागले. वेगळं राहण्याच्या त्याच दोन वर्षांत त्यानं तालुक्याच्या पतपेढीतून कर्ज काढलं होतं. लाऊडस्पीकरचा संच, कर्णे, बॅटऱ्या, सगळं नवं. निवडणुकीत त्याचा धंदा जोरात चालला म्हणे. मग पाऊस गेला, लग्नं लागायची ती दारात अक्षता टाकून लागायला लागली, कर्णे कुणाला नकोसे झाले. एक दिवस त्यानं सगळं सामान ट्रकमध्ये भरलं आणि गेला. कुणी म्हणे सोलापूरकडं, कुणी म्हणे सुरतेला. मला त्याचं काही घेणंदेणं नव्हतं. घेणंदेणं होतं ते पतपेढीला, आणि पतपेढीनं ते माझ्या नोटांतून वसूल करायचं ठरवलं होतं.

मी तशीच डॉक्टरांच्या खोलीत गेले. डॉक्टर तरुण होते, पुण्याकडचे, पहिलीच नेमणूक. माणूस वाईट नव्हता. पण भित्रा माणूस वाईट माणसाचंच काम करतो, हे मी तेव्हा शिकले.

"डॉक्टर, माझा पगार कुणाच्या हुकमानं कापला?"

"सिस्टर, पतपेढीचं पत्र आलं होतं. बीडीओ साहेबांनी शेरा मारून पाठवलंय. मी काय करणार?"

"कोर्टाचा हुकूम आहे का त्यात?"

"कोर्टाचा... नाही. पण पतपेढीचे चेअरमन पंचायत समितीवर आहेत, तुम्हाला माहीत आहे."

"कर्जावर माझी सही आहे का? मी जामीन आहे का?"

"तसं काही लिहिलेलं नाही. कर्जदाराची पत्नी आपल्या केंद्रात नोकरीस आहे, सबब तिच्या वेतनातून, असं आहे."

"मी त्याची पत्नी नाही. तुम्हाला माहीत आहे. कोर्टाच्या तारखांना रजा तुम्हीच मंजूर केल्यात."

ते खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, एक वाळलेला कडुनिंब होता. "सिस्टर, मला इथं अजून वर्ष काढायचंय," ते म्हणाले.

मी बीडीओ साहेबांना अर्ज लिहिला. उत्तर आलं नाही. दुसऱ्या महिन्याला पुन्हा तीच कपात. त्या वेळी मी म्हणाले, पूर्ण पगार द्या, तर सही करते. कारकून म्हणाला, मग आहे तोही मिळणार नाही. घरी दाणे संपत आले होते. रेशनवर लाल मिलो, ती परदेशी ज्वारी, मिळायचा, तोसुद्धा फुकट नव्हता. मी पेन घेतलं, सही केली, आणि सहीशेजारी लिहिलं, "कपात मान्य नाही."

कारकुनाचा चेहरा पडला. "बाई, अहो पगारपत्रकावर असं काही लिहिता येत नाही!"

"लिहिलंय आता."

त्यानंतर मी स्वतःच पतपेढीत गेले. एसटी स्टँडजवळ खताच्या दुकानावर माडीला त्यांचं ऑफिस होतं. चेअरमन खुर्चीवर मांडी घालून बसले होते. पांढरं स्वच्छ धोतर, बोलणं मवाळ. मला बसा म्हणाले, पाणी द्यायला सांगितलं. त्या दुष्काळात पाणी देणं म्हणजे मोठा मान होता. मी प्याले नाही.

"बाई, तुमचं बरूबर हाय," ते म्हणाले. "पर आमी तरी काय करावं? लोकांच्या ठेवी हायत. त्यो गडी पळाला. मग नवरा-बायकूत येगळं काय असतंय?"

"फारकत झालीय चेअरमनसाहेब. कोर्टाची."

"ती कागदावर झाली."

"कर्जसुद्धा कागदावरच दिलंत ना? त्या कागदावर माझं नाव कुठं आहे?"

ते हसले. "आता खरं सांगू का? त्याच्याकडं तारण काय हुतं? चार कर्णे आन् एक सायकल. पर त्यो म्हनला, माझी बायकू सरकारी नोकर हाय, पगार कुटं जातोय? त्यावर तर आमी दिलं."

म्हणजे मी त्याच्या घरातून निघून आले होते, पाठीवरच्या वळांची आठवण अजून गेली नव्हती, आणि तेव्हाच इथं या माडीवर माझा पगार तारण ठेवला जात होता. मला न विचारता, मला न कळवता. आणि ज्यानं ठेवला आणि ज्यांनी ठेवून घेतला, त्यांच्यापैकी कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. गाय विकायची तर गायीला कोण विचारतं?

मी म्हणाले, "तुम्ही फसलात तर तुमच्या फसण्याचे पैसे मी का भरू?"

चेअरमनांचा आवाज बदलला. "आन् फारकत खरी कशावरून? कर्ज बुडवायला असं कागदी काडीमोड करनारे आमी लई बगितलेत. त्यो तुमच्याकडं येत न्हाई कशावरून? पोलीस पाटलाचा दाखला आना, त्यो घरी येत-जात न्हाई म्हनून. मग बगू."

मी जिना उतरून खाली आले.

दाखला आणायचा नाही, हे मी तिथंच ठरवलं. माझ्या घरात कोण येतं आणि कोण जातं, हे मी कुणाकडून लिहून घेणार नव्हते. पण त्यांना माझ्या दाखल्याची गरज नव्हती. पतपेढीचे दोन वसुलीवाले गावात आले. शेजारी विचारलं, पिठाच्या गिरणीत विचारलं, नर्सबाईकडं कुणी बाप्या माणूस येतो का. एवढ्यानं भागलं नाही, तर शाळेत गेले. मुलगी तेव्हा दुसरीत होती. संध्याकाळी ती घरी आली, दप्तर ठेवलं, आणि मला म्हणाली, "आई, बाबा रात्री येतात का गं आपल्याकडं?"

"कोण म्हणालं?"

"शाळेत दोन काका आले होते. त्यांनी विचारलं." मग रुसून म्हणाली, "येत असतील तर मला का उठवत नाहीस?"

आजही हे लिहिताना माझे दात आवळले जातात. माझ्या पोरीला बापाचा चेहरा धड आठवत नव्हता. त्या दोघांनी तिला एका वाक्यात बाप दिला आणि त्याच वाक्यात तिच्या आईला खोटारडी केलं. मी तशीच चपला घालून शाळेत गेले, गुरुजी घराकडं निघाले होते, त्यांना रस्त्यातच गाठलं आणि चार लोकांसमोर विचारलं, माझ्या लेकराशी बोलायला तुम्ही कुणाला परवानगी दिलीत? गुरुजी म्हणाले, पंचायत समितीची माणसं आहेत असं ते म्हणाले. पंचायत समिती म्हटलं की सगळ्यांच्या माना खाली जात होत्या.

सकाळी भाकरी थापताना आई म्हणाली, "दिऊन टाक गं बाई. चार-सहा म्हैने पोटाला चिमटा घिऊ. इज्जतीपरीस पैसा मोठा न्हाई."

"आई, मी पैसे भरले म्हणजे तो येत होता असंच होईल ना?"

"लोकं काय, चार दिस बोलतील."

"मग आताही चार दिवसच बोलतील."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. तिचं चुकत नव्हतं. तिच्या आयुष्यात कुणी बाई भांडून जिंकलेली तिनं बघितली नव्हती. पण त्या दिवशी मी तिच्यावरही चिडले, आणि न जेवता कामाला गेले.

काम त्या दिवशी खडीच्या कामावर होतं. दुष्काळी कामं निघाली होती. उन्हात शेकडो बाया दगड फोडत बसलेल्या, कडेला पोरं झोपवलेली. सुकडीचं पौष्टिक पीठ वाटायचं, गरोदर बाया तपासायच्या, हगवणीची पोरं बघायची, हे माझं काम. एका पोटुशी बाईचे पाय तपासत होते, सुजले होते. तीच म्हणाली, "बाई, तुमचा पगार नवऱ्यापायी कापला म्हनं. फारकत झालीया तरीबी?"

"हो."

"आमची तर फारकत न्हाई झाली," ती हसत म्हणाली. "आमची हजेरी आमच्या नावावर हाय, पर पैसं त्योच घेतो. मस्टरवाला त्याच्याच हातात देतो." शेजारची म्हणाली, "माजंबी तसंच हाय." तिच्या पलीकडची म्हणाली, "माजंबी." जणू पाऊस पडला नाही हे सांगावं, तशा सहज.

मी तिथून उठले तेव्हा मला एक गोष्ट स्पष्ट झाली होती. इतके दिवस मी सगळ्यांना सांगत होते, माझी फारकत झालीय, फारकत झालीय. म्हणजे नसती झाली तर कापलं असतं ते चाललं असतं का? ही बाई तिच्या नवऱ्याची आहेच, तर हिच्या हातोडीचे पैसे त्याचे होतात का?

पुढच्या सुटीला मी नगरची एसटी पकडली आणि माझ्या जुन्या वकिलांकडं गेले. फारकतीचं काम त्यांनीच केलं होतं. वयस्कर होते, कोर्टाजवळच्या बोळात बसायचे, तंबाखू मळता मळता ऐकायचे. सगळं ऐकून खूश झाले. "अहो, दोन ओळींचं काम आहे. हुकूमनाम्याची नक्कल जोडू. अर्जदार ही कर्जदाराची पत्नी नाही. संपलं."

"वकीलसाहेब, आधी हे लिहा की कर्ज मी घेतलेलं नाही आणि मी जामीन नाही. कोर्टाचा हुकूम नसताना कुणालाही माझ्या पगाराला हात लावता येत नाही. फारकतीचं शेवटी लिहा."

"कशाला? हुकमी पत्ता हातात असताना दुरी कशाला टाकता?"

"कारण बायको असते तरी ते माझं कर्ज नव्हतंच."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "बाई, तुम्हाला पैसे परत पाहिजेत की भाषण करायचंय?"

"दोन्ही."

मोठ्यानं हसले, पण लिहिलं मी सांगितलं तसं. एक अर्ज जिल्हा परिषदेच्या मोठ्या साहेबांकडं, एक सहकार खात्याकडं. फी नंतर द्या म्हणाले.

मग वाट बघणं सुरू झालं, आणि कपात चालूच राहिली. प्रत्येक पगाराला मी सहीशेजारी तेच लिहीत होते. कारकून आता पत्रक माझ्याकडं सरकवायचा आणि दुसरीकडं तोंड करायचा.

अशातच एका दुपारी केंद्रासमोर जीप थांबली. चेअरमनांची होती. त्यांची सून पहिलटकरीण, सकाळपासून अडलेली, आणि डॉक्टर मीटिंगला नगरला गेलेले. ड्रायव्हर म्हणाला, "नर्सबाई, लवकर चला, सायबांनी हात जोडून सांगितलंय."

मी पेटी घेतली आणि बसले. जीपमध्ये मी काही देवीसारखी शांत बसले नव्हते. सगळा रस्ता माझ्या मनात त्या माणसाला शिव्या चालल्या होत्या. पण आत गेले, पोरीचा घामानं भिजलेला चेहरा बघितला, आणि बाकी सगळं दाराबाहेर राहिलं. सतरा-अठरा वर्षांची असेल. माझा हात धरून म्हणाली, "बाई, मी मरन का?" मी म्हणाले, "माझ्या हातात अजून कुणी मेलं नाही, तू काय मरतेस." खोटं होतं, पण ते खोटं मी नेहमी बोलायचे. नाळ गळ्याभोवती होती. बराच वेळ गेला. ऊन उतरायला मुलगी झाली, थोडा वेळ गप्प राहिली, पाठ चोळल्यावर रडली.

हात धुऊन बाहेर आले. ओसरीवर चेअरमन उभे होते. त्यांच्या बायकोनं ताट आणलं होतं, त्यात साडी, खण, नारळ. चेअरमनांचे डोळे ओले होते, ते खोटे नव्हते. म्हणाले, "बाई, उपकार झाले. आता तुमचं बी काम झालं म्हनून समजा. फुडच्या म्हैन्यापासनं कपात बंद. मी बीडीओला सांगतो."

"आणि आधी कापलेले?"

"त्ये बगू की नंतर."

"आणि कपात का बंद केली, काय लिहिणार?"

"लिवायचं काय त्यात? तुमी आमच्या सुनंला मोकळं केलं, आमी तुमाला मोकळं केलं. माझा शबुद हाय."

किती सोपं होतं. हो म्हणायचं, साडी घ्यायची, जीपमधून घरी जायचं. पण 'मोकळं केलं' म्हणाले आणि माझं डोकं पुन्हा तापलं. मला बांधलं कुणी होतं?

मी म्हणाले, "चेअरमनसाहेब, सुनेचं बाळंतपण केलं त्याचा पगार मला जिल्हा परिषद देते. तुम्ही मला काही लागत नाही. आणि मी तुमच्या पतपेढीला काही लागत नाही. चूक झाली, एवढं लिहून द्या आणि पैसे परत करा. मेहेरबानी नको."

त्यांच्या बायकोनं ताट तसंच धरलं होतं. चेअरमन सावकाश म्हणाले, "लई ताठा हाय बाई तुमाला. बाईमानसानं इतकं तानू न्हाई."

मी बाळंतिणीला काय द्यायचं, काय नाही, ते सासूला समजावून सांगितलं, पुढं पाच दिवस रोज जाऊन बाळाची नाळ बघितली, सुनेचा ताप बघितला. चेअरमन त्या वेळी ओसरीवर नसायचे. आणि पुढच्या पगारातही कपात झाली.

आईला हे कळलं तेव्हा तिनं कपाळाला हात लावला. "दारात आलेली लक्षुमी लाथाडली! डोस्क्यात वारं शिरलंय का गं तुझ्या?" आम्ही दोघी आठवडाभर एकमेकींशी धड बोललो नाही.

शेवटी नगरहून बोलावणं आलं. जिल्हा परिषदेच्या कचेरीत एका साहेबांपुढं सुनावणी होती. मी, वकील, डॉक्टर, आणि पतपेढीचा सेक्रेटरी. चेअरमन आले नाहीत. साहेब काळेसावळे, कपाळावर आठ्या, दुष्काळी कामांच्या फायलींखाली दबलेले. आमच्यासाठी वेळ नाही हे त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. त्यांनी अर्ज वाचला आणि पहिल्यांदा डॉक्टरांना विचारलं, "कोणत्या कायद्याखाली कापलेत?"

"सर, पत्र आलं होतं."

"कोर्टाचं?"

"नाही सर. पतपेढीचं."

"उद्या पानपट्टीवाल्याचं पत्र आलं, डॉक्टरांच्या भावानं माझी उधारी बुडवली, तर तुमचा पगार कापू का?"

डॉक्टर लाल झाले. मला वाटलं होतं मला बरं वाटेल. वाटलं नाही. त्यांच्याइतकाच पत्रावर शेरा मारणारा बीडीओ दोषी होता, आणि त्याला कुणी बोलावलंही नव्हतं.

सेक्रेटरी म्हणाला, "साहेब, फारकत बनावट असल्याचा आमचा संशय आहे. त्यांच्या घरी..."

मी उभी राहिले. वकिलांनी माझा पदर ओढला, तरी उभीच राहिले. "साहेब, यांनी माझ्या सात वर्षांच्या मुलीला शाळेत जाऊन विचारलं, तुझा बाप रात्री येतो का. पतपेढीची वसुली अशी होते का, तेवढं यांना विचारा."

साहेबांनी सेक्रेटरीकडं बघितलं. सेक्रेटरी खाली बघत कागद आवरायला लागला. "बसा बाई," साहेब मला म्हणाले, पण हळू म्हणाले.

हुकूम पंधरवड्यानं आला. कपात तात्काळ बंद करावी, कापलेली रक्कम पतपेढीनं परत करावी. वकील पेढे आणायला निघाले. मी हुकूम दुसऱ्यांदा वाचला. कारण एकच लिहिलं होतं. अर्जदार ही कर्जदाराची पत्नी राहिलेली नसल्यानं. कर्ज मी घेतलं नव्हतं, जामीन नव्हते, कोर्टाचा हुकूम नव्हता, यातलं एक अक्षर नाही.

"अहो, जिंकलात की!" वकील म्हणाले.

"पत्नी असते तर हरले असते."

"असत्या तर बघितलं असतं. नाही आहात ना? मग झालं!"

त्यांना माझा राग कळला नाही, आणि त्यांनी माझ्यासाठी इतकं केलं होतं की त्यांच्यावर रागावताही येईना. एसटीत मी खिडकीशी बसून तो कागद पुन्हा पुन्हा वाचत होते. शेजारच्या बाईनं विचारलं, "कुणी गेलं का व्हो?"

पतपेढीनं पैसे तुकड्यातुकड्यानं परत केले. शेवटचा तुकडा आजतागायत आलेला नाही. त्याऐवजी माझी बदली आली, प्रशासकीय सोयीसाठी. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, नेवासे तालुक्यात, सोनईच्या बाजूला. आई म्हणाली, "बग. म्हनले नव्हते?" पण सामान तिनंच बांधलं, आणि शेजारणीला निरोप देताना मी ऐकलं, "माझ्या लेकीनं पतपेढीकडनं पैसं वसूल करून घेतलं, व्हय." आवाजात काय होतं ते मी ओळखलं, पण तिला तसं दाखवलं नाही.

नव्या ठिकाणी माझी गोष्ट माझ्या आधी पोचली होती. पलीकडच्या गावातली एक नर्स, माझ्याहून लहान, एका पगाराच्या दिवशी माझ्याकडं आली. तिचा नवरा एका मित्राला जामीन राहिला होता, मित्र बुडाला, आणि हप्ते हिच्या पगारातून कापायला लागले होते. तिचा नवरा होता, घरातच होता, तिला मारत नव्हता. मी तिला अर्ज लिहून दिला. त्यात फारकतीचं कलम नव्हतंच, त्यामुळं पहिल्यांदा अर्ज जसा हवा तसा झाला. कर्ज मी घेतलेलं नाही, मी जामीन नाही, माझा पगार माझा आहे. तिनं तो दोनदा वाचला आणि सही केली.

चार दिवसांनी अर्ज घेऊन परत आली. पाठवलाच नव्हता. "घरी दाखवला," म्हणाली. "हे म्हणाले, तिच्यासारखं भांडायचं असेल तर आधी तिच्यासारखी फारकत घे."

त्यानं हुकूम वाचला नव्हता, पण हुकमात होतं तेच तो बोलला होता.

ती रडत नव्हती. म्हणाली, "ताई, तुम्ही रागावलात का माझ्यावर?" मी म्हणाले, नाही. दोन दिवस मात्र रागावलेच होते. मग मी तोच मजकूर स्वतःच्या नावानं लिहिला, खाली माझी सही केली, आणि नगरला त्याच साहेबांच्या कचेरीत पाठवला. नोकरी करणाऱ्या विवाहित बाईचा पगार कुणाचा, एवढं लेखी कळवावं, अशी विनंती. बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं. आपल्या पगारातून कोणतीही कपात होत नसल्यामुळं आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे.

तिचा पगार शेवटच्या हप्त्यापर्यंत कापला गेला.